उजव्या हाताचा थ्रॉटल

३ फेब्रुवारी

वन्सं,

हे वाचून हसाल. आजकाल नणंदेला वन्सं कुणी म्हणत नाही, ताई म्हणतात. पण ताई म्हणायला थोडी ओळख लागते. आपली ओळख एवढीच, की आमच्या लग्नात तुम्ही उभ्या उभ्या आलात, माझ्या मनगटाला एक सुंदर घड्याळ बांधलंत, आणि बाबा या दाराने आत येताहेत म्हटल्यावर त्या दाराने बाहेर पडलात. घड्याळ छान चालतं. नमस्कार प्रत्यक्ष भेटीत वाकून करीन, कागदावर वाकता येत नाही.

पत्र का, फोन का नाही? कारण तुमच्या भावाने फोन केला की तुम्ही नेहमी क्रेनवर असता. बंदरातल्या क्रेनला जेवणाची सुट्टीसुद्धा नसते हे मला माहीत नव्हतं. कागदाला तसं सांगता येत नाही. आला की वाचावाच लागतो.

तर विषय असा. आमच्या बैठकीच्या खोलीत एक लढाऊ विमान आहे. अजून नुसता सांगाडा आहे, पण माझ्याएवढा लांब. सोफा भिंतीला लावला, टीव्ही झोपायच्या खोलीत गेला, आणि मधल्या टेबलावर हे पसरलेलं आहे. हलक्या लाकडाच्या गोल-गोल चकत्या एकामागे एक उभ्या केल्यात, नाकाकडे लहान, पोटाशी मोठ्या, शेपटाकडे पुन्हा लहान. बाबा नोकरीत ज्या विमानाचे नट-बोल्ट आवळत होते तेच विमान आठव्या हिश्शात. खोका आणून जोडलेलं नाही, पहिल्या रेषेपासून स्वतःचं. मी एकदा 'मॉडेलचा सेट' म्हणाले तर दोन दिवस माझ्याशी मोजून बोलत होते.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. लोकांच्या आत काय आहे ते बघायचा मला पगार मिळतो, त्यामुळे भोचकपणा हा माझा दोष नसून माझी पात्रता आहे. तुमच्या भावाला विचारलं, की तुम्ही आणि बाबा बोलत का नाही. तो म्हणाला, "विमानामुळे." मी म्हटलं, "कुठलं विमान?" तो म्हणाला, "पडलं ते." यापुढे त्याचं तोंड उघडायला चार दिवस आणि दोन सिनेमे लागले.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे बाबा छोटी विमानं बांधायचे आणि तुम्ही ती जमिनीवरून, रेडिओने उडवायचात, तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून. बाबांना उडवता येत नव्हतं. मग ते छोटं रुपेरी जेट झालं. विमानं उडवणाऱ्यांच्या सगळ्या क्लबासमोर तुम्ही ते खाली आणलंत, मैदानावरून झपकन न्यायला, आणि ते वर आलंच नाही. बाबा म्हणाले, "उशिरा ओढलंस." तुम्ही म्हणालात, "ओढलं होतं. तुमचा एलेव्हेटर आला नाही." (शेपटाचा हलता पंख. दांडा ओढला की तो विमान वर उचलतो.) ते म्हणाले, "माझा जोड सुटत नाही." तुम्ही म्हणालात, "माझा हात चुकत नाही." आणि संपलं. बाकीच्या घरांत अबोला जमिनीवरून होतो, लग्नावरून होतो. आपल्या घरात शेपटाच्या पंखावरून झाला. मला हे कळलं तेव्हा आधी हसू आलं, मग नाही आलं.

एवढंच लिहून थांबले असते. पण बाबांचा हात थरथरतो, वन्सं. डावा जास्त. चहाचा कप बशीत वाजतो. आणि ते म्हणतात, हे विमान ते स्वतः उडवणार. तुमच्या मागे ते क्लबात उडवायला शिकले, साधं, उंच पंखांचं, दयाळू विमान. हे तसं नाही म्हणे. याला क्षमा नसते.

त्या दिवशी नक्की काय झालं? मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. मी कुणाच्या बाजूची नाही. लग्नानंतर आले, तेव्हा पंच म्हणून चालेन.

तुमच्या धाकट्या भावाची बायको


२६ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं उत्तर पोचलं. अख्ख्या कार्डावर दोन शब्द: "वजन किती?"

खाण तशी माती म्हणतात ते खोटं नाही. मी पानभर विचारलं काय, तुम्ही लिहिलंत काय! वजन मी विचारलं, बाबा म्हणाले, "अजून रंग नाही, बॅटऱ्या नाहीत, आत्ता वजन विचारून काय करणार?" मी म्हटलं, सहज. म्हणाले, "असं सहज कुणी विचारत नाही." आणि माझ्याकडे बघत राहिले. मी स्वयंपाकघरात पळाले. कळलं की कळवीन.

बाकी गंमत सांगते. मोठ्या बागेत चौथऱ्यावर एक खरं विमान बसवलंय ना, तेच हे. बाबांना नकाशांवर विश्वास नाही. त्यांच्याकडे तीन नकाशे आहेत आणि तिन्हींत नाकाखालचा फुगवटा वेगळा आहे. "तिघं खोटारडे," म्हणाले, "आपण मूळ पेशंटच बघू." रविवारी सकाळी आम्ही निघालो. एक शिंप्याची टेप, एक लांब बांबू, आणि मी. बांबूला टेप बांधून मी चौथऱ्यावर चढले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. रखवालदार शिट्टी फुंकत आला. "बाई, खाली उतरा! काका, हे काय चाललंय?"

बाबा शांतपणे म्हणाले, "माप घेतोय."

"कशाचं?"

"याचं. कपडे शिवायचेत."

रखवालदाराला हसू आवरेना. मग त्यानेच बांबूचं दुसरं टोक धरलं. चौथा नकाशा आता आमचा आहे, आणि बाबा म्हणतात जगात एवढाच बरोबर आहे. परत येताना बसमध्ये मी विचारलं, फुगवटा अर्ध्या बोटाने चुकला तर असं काय आकाश कोसळेल? ते म्हणाले, "कुणाला कळणार नाही." मग म्हणाले, "एकीला कळेल." एकीला म्हणजे मला नव्हे. मला तर फुगवटा कुठला आणि नाक कुठलं तेही नीट कळत नाही.

तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही, हे माझ्या लक्षात आहे.


१९ मार्च

वन्सं,

एक उद्योग केलाय. आगाऊपणा वाटला तर तिथूनच रागवा, इथे पोचेपर्यंत थंड होईल.

माळ्यावर सुटकेसांच्या मागे एक खोका आहे. वर काही लिहिलेलं नाही. बाकी सगळ्या खोक्यांवर बाबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलंय: दिवे, वायरी, जुन्या चपला. यावर काही नाही म्हटल्यावर माझ्यासारखीने काय करायचं? तुमचं रुपेरी जेट आहे त्यात. तुकडे चिंध्यांत गुंडाळून ठेवलेत. फेकलेलं नाही त्यांनी. तुम्हांला वाटत होतं का फेकलं म्हणून?

शेपटाचा भाग जवळजवळ शाबूत आहे. एलेव्हेटर हलवणारी तार आत असते आणि आतलं बघायचं तर तो फोडावा लागेल, असं तुमचा भाऊ म्हणाला. मी म्हटलं, माणसांना फोडतो का आपण? शेपूट उशीच्या अभ्र्यात घालून कामावर नेलं. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना खरं ते सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, एकही पेशंट नसताना, त्या स्वतः येऊन उभ्या राहिल्या. टेबलावर शेपूट ठेवलं तेव्हा माझी सहकारीण म्हणाली, "श्वास रोखायला सांगू का?"

आत तार दिसते, बारीक, पांढरी. तिच्या टोकाला पितळेचा छोटा काटा असायला हवा, तो आहे, पण तारेपासून सुटलेला. मधे काळी फट. डाग दिलेला जोड निघालाय.

थांबा, लगेच उडी मारू नका. मीही मारली होती. वाटलं, वन्सं जिंकल्या. मग नेहमीच्या सवयीने दुसरा प्रश्न विचारला: कधी निघाला? हवेत, की जमिनीवर आपटल्यावर? हाड मोडलं तर जुनं की नवं मी सांगू शकते, कारण हाड भरून येतं, कडा बदलतात. पितळ भरून येत नाही. ते मोडल्या क्षणापासून तसंच राहतं आणि कधीचं ते सांगत नाही.

बाबांना फिल्म दाखवली. लपवाछपवी मला जमत नाही आणि अभ्र्यातून लाकडाचा भुसा पडत होता. त्यांनी खिडकीशी धरून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. म्हणाले, "सुटलाय." मग अगदी माझ्यासारखं विचारलं, "कधी ते दिसतं का?" मी हाडाचं आणि पितळेचं सांगितलं. त्यांनी फिल्म परत दिली नाही, लाकूड कापायच्या फळीखाली सरकवली. तुमच्या भावाने मला डोळ्यांनी झापलं. त्याचं ठरलेलं वाक्य आहे, "आपलेच दात आणि आपलेच ओठ." म्हणून तो कुणालाच काही बोलत नाही. इतकी वर्षं तळ्यात-मळ्यात करतोय बिचारा.

निकाल लागला नाही, वन्सं. पंच हरला. पण खोका आता माळ्यावर नाही, बाबांनी खाली आणून टेबलाखाली ठेवलाय.


८ एप्रिल

वन्सं,

"फिल्मची प्रत पाठव." एवढंच? बरं, सोबत पाठवलीय. "पाठव" मात्र वाचून बरं वाटलं. मागच्या वेळी क्रियापदच नव्हतं.

आता मला न समजलेली एक गोष्ट तुम्हीच समजावा. नव्या विमानाचा मागचा पंख हलवायला बाबांनी दोन छोट्या मोटारी बसवल्या. डाव्या अर्ध्याला वेगळी, उजव्या अर्ध्याला वेगळी. दोघींच्या बॅटऱ्या वेगळ्या. क्लबातले कॅप्टन परवा बघायला आले होते. (कॅप्टन म्हणजे किल्ल्या बनवणारे. खऱ्या विमानात ते फक्त एकदा बसलेत आणि तेव्हाही त्यांना मळमळलं.) ते म्हणाले, "काका, एवढं ओझं शेपटात कशाला? एक मोटार पुरते. मागे जड झालं की पुढे शिसं भरावं लागेल."

बाबा म्हणाले, "भरू."

"पण कशाला?"

"एक गेली तर दुसरी उतरवेल."

कॅप्टन गेल्यावर मी विचारलं, म्हणजे त्या वेळी जोडच सुटला होता, असं तुम्हांला वाटतं? बाबा म्हणाले, "मला माहीत नाही." मग मोटारीचा स्क्रू आवळत म्हणाले, "माहीत नाही म्हणून तर दोन."

मी हे जसंच्या तसं लिहिलंय. मीठ-मसाला माझ्याकडे असतो, पण इथे घातला नाही.


११ जून

वन्सं,

फार दिवस लिहिलं नाही, रागावू नका. रागावल्या असाल तर चांगलंच आहे, म्हणजे वाट बघत होतात.

इथली हालहवाल. काचेचं झाकण, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं, बाबांनी माझ्या ओव्हनमध्ये केलं. प्लास्टिकचा कागद चौकटीत ताणून तापवायचा, मऊ झाला की लाकडी ठोकळ्यावर दाबायचा आणि खालून घर झाडायच्या व्हॅक्यूमने हवा ओढायची. मला व्हॅक्यूमवर उभं केलं होतं. पहिल्या तीन वेळा झाकणाला सुरकुत्या पडल्या, चौथ्या वेळी मी घाबरून उलटं बटण दाबलं आणि ते फुग्यासारखं फुगलं. पाचवं अप्रतिम झालं. आता ओव्हनमध्ये काहीही भाजलं तरी घरभर विमानाचा वास येतो.

मग रिव्हेट. खऱ्या विमानाच्या पत्र्यावर ठिपके-ठिपके दिसतात ना, ते प्रत्येक ठिकाणी गोंदाचा एकेक थेंब ठेवून करायचे. थेंब ठेवायला इंजेक्शनची सुई. सुया मी आणल्या, कोऱ्या, दुकानातून. बाबा थेंब ठेवायला बसले आणि हात थरथरला, थेंबाची रेघ झाली. पुसली. पुन्हा रेघ. मी काही न बोलता सुई घेतली आणि बसले. तेव्हापासून रोज कामावरून आले की मी थेंब ठेवते आणि ते भिंगातून बघून सांगतात, "हा खाली गेला." डावा पंख पूर्ण माझा आहे, वन्सं. बघाल तर जरा कौतुक करा.

शिसंही भरावं लागलं. नाकात एवढं शिसं, की मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड झाला. बाबा हसले. या घरात मी त्यांना मोठ्याने हसताना पहिल्यांदा ऐकलं.

आता न हसण्याचं. बाबा कॉम्प्युटरवर उडवायचा सराव करतात. पडद्यावर खोटं विमान, हातात खरे दांडे. रोज पडतं. उठतं, वळतं, आणि उतरताना डावा अंगठा थरथरतो, विमान पळवणारा पोटातला पंखा कमी-जास्त होतो आणि पडतं. मी बाजूच्या खोलीतून आवाज ऐकते, पडल्याचा आवाज आणि मग बटण दाबल्याचा. डॉक्टरांनी गोळी बदलली. फरक आहे, पण एवढा नाही. काल त्यांनी दांडे खाली ठेवले आणि मला म्हणाले, "कॅप्टनला सांगू उडवायला." इतक्या साध्या आवाजात म्हणाले, जणू भाजी आणायला सांगताहेत. मला फार वाईट वाटलं.

मी त्यांना म्हटलं, "वन्संना विचारू का?"

"तिला कामं असतात."

'नको' म्हणाले नाहीत. हे लक्षात घ्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे दोघांनाही लागू आहे. तुम्ही मोठ्या आहात, म्हणून एवढंच.

रंगासकट वजन सोबतच्या चिठ्ठीत आहे. तुम्हांला तेच हवं होतं ना.


३० ऑगस्ट

वन्सं,

हे पत्र नीट बसून वाचा, क्रेनवर नको.

काल विमान मैदानावर नेलं. उडवायचं नव्हतं, फक्त जमिनीवर पळवून बघायचं होतं. रुपेरी नाही, राखाडी केलंय, उन्हात इतकं खरं दिसत होतं की क्लबातले लोक चहा सोडून आले. बाबांनी ट्रान्समीटर कॅप्टनच्या हातात दिला. (रिमोट म्हणायचं नाही, रिमोट टीव्हीचा असतो.) दिला आणि दोन पावलं मागे सरकले. मला तेव्हाच त्यांचा चेहरा विचित्र वाटला. काहीतरी बोलायचंय आणि बोलत नाहीत असा.

कॅप्टननी डावा दांडा हळूच पुढे केला. विमान ढिम्म हललं नाही, नुसतं मागचे पंख खाली-वर. "पंखा लागत नाही, काका," म्हणत त्यांनी उजवा दांडा पुढे ढकलला, आणि विमान बाणासारखं सुटलं! व्हॅक्यूमच्या दहापट आवाज. कॅप्टन घाबरून डावा दांडा मागे ओढताहेत, काही होत नाही. पट्टी संपली, गवत आलं, नाकाचं चाक मोडलं, आणि एकदाचं थांबलं.

कॅप्टन घामाघूम. "काका, तुम्ही पंखा उजवीकडे लावलाय? इथे सगळे डावीकडे ठेवतात! मला सांगायचं तरी!"

बाबा म्हणाले, "स्प्रिंग बदलायची राहून गेली."

त्यांनी मोडलेलं चाक उचललं आणि गाडीकडे निघून गेले. मला काहीच कळेना. मी कॅप्टनना धरलं, म्हटलं, मला अडाण्याला सांगता तसं सांगा. त्यांनी सांगितलं. पंख्याचा वेग, म्हणजे थ्रॉटल, काही लोक डाव्या हाताला घेतात, काही उजव्या; ट्रान्समीटरमधली एक स्प्रिंग इकडची तिकडे केली की हात बदलतो. ज्या हाताला शिकलात तो जन्मभर. बदलता येत नाही, बदलला की अंगठे उलटं करतात. आमच्या क्लबात सगळे डाव्या हाताचे. "काकांनासुद्धा मीच शिकवलं," म्हणाले, "डाव्याच हातावर." मग काकांच्या गाडीकडे वळून पाहिलं. म्हणाले, "इथे उजव्या हाताने उडवणारी एकच होती. काकांनी फार पूर्वी एक जुना ट्रान्समीटर-सेट आणला होता, तो तसा होता. पोर त्याच्यावर शिकली."

वन्सं, बाबांचा कॉम्प्युटरवरचा सराव डाव्या हातावर चालतो. मी स्वतः पाहिलंय, डावा अंगठा थरथरतो म्हणूनच तर पंखा कमी-जास्त व्हायचा. आणि हा नवा ट्रान्समीटर खोक्यातून आला तेव्हा डाव्याच हाताचा होता, तुमच्या भावाने माहितीपत्रक काढून दाखवलं. म्हणजे स्प्रिंग बदलायची राहून गेली नव्हती. मागचं झाकण उघडून, त्या थरथरत्या हातांनी एवढीशी स्प्रिंग काढून, इकडची तिकडे लावली होती. ते स्वतः उडवणार असं मला सांगत होते, कॅप्टन उडवतील असं सांगत होते, आणि विमान ना त्यांना उडवता आलं असतं ना कॅप्टनना.

मग काल कॅप्टनला सांगितलं का नाही? मी रात्रभर विचार केला नाही, मला लगेच कळलं. उजवीकडे आहे असं सांगितलं असतं तर कुणासाठी, तेही सांगावं लागलं असतं. तेवढं तोंडातून निघेना, म्हणून एवढ्या कष्टांचं विमान गवतात घातलं त्यांनी. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय करायचं? मला इतका राग आलाय आणि इतकी माया आलीय की मघाशी चहात साखरेऐवजी मीठ घातलं.

चाक होईल दुरुस्त. बाबांनी सकाळी कामाला सुरुवात केली. पण हे विमान आता तुम्ही उडवलंत तर उडेल, नाहीतर टेबलावर राहील. बाबा दुसऱ्या कुणाला देणार नाहीत. तुम्हांला बोलावणारही नाहीत. मी बोलावते आहे. या.


२१ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. चक्क सहा ओळी! जुना सेट तुम्ही जपून ठेवलाय, आणि तिथल्या मैदानावर कुणाचं तरी साधं विमान मागून रोज संध्याकाळी सराव करताय, हे मी तुमच्या भावाला वाचून दाखवलं तर तो उठून बाल्कनीत गेला आणि बराच वेळ आला नाही.

वारा जास्त असेल तर उडवणार नाही, ही अट मंजूर. बाबांना आधी सांगायचं नाही, हीही मंजूर, पण मला किती जड जातंय ते माझं मला माहीत. 'उशिरा ओढलं की काय, ते माझं मलाही आता सांगता येत नाही' असं तुम्ही लिहिलंय. ते मी कुणाला वाचून दाखवलेलं नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

पहिल्या रविवारी, सकाळी, मैदानावर. घरी आधी येऊ नका, इथे तुम्ही दोघं दारातच मूग गिळून उभे राहाल.


७ ऑक्टोबर

वन्सं,

नीट पोचलात ना? बस सुटताना तुम्ही हात हलवलात तो कुणाला, यावर घरात वाद झाला. तिघांनीही आपल्यालाच म्हटलं.

रविवारचं तुम्हांला काय सांगायचं, तुम्ही होतातच. पण तुम्ही विमानाकडे बघत होतात. उडवणाऱ्याला दुसरीकडे बघता येत नाही, हे कॅप्टननी मला समजावलंय. त्यामुळे तुमच्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुम्हांला ठाऊक नाही, आणि ते पाहणारी मी एकटीच आहे. म्हणून हे पत्र.

आधी तक्रार. तुम्ही गाडीतून उतरलात, बाबा खुर्चीवरून उठले, तेव्हा मी रुमाल काढून तयार होते. वाटलं, आता काहीतरी होणार. तुम्ही काय म्हणालात? "भाराचा मध्य कुठे धरलाय?" आणि बाबा म्हणाले, "मुख्य चाकांच्या पुढे दोन बोटं." जणू परवाच बोलणं अर्धं राहिलं होतं! मी रुमाल परत ठेवला.

मग तुम्ही विमानाशी गुडघे टेकून बसलात आणि डावा दांडा पुन्हा पुन्हा ओढून मागचा पंख हलतो का ते बघत राहिलात. इतक्या वेळा, की कॅप्टन कुजबुजले, "पुरे की आता." पण बाबा म्हणाले, "बघू दे तिला, हवं तितकं बघू दे." तुम्ही म्हणालात, "दोन्हींच्या बॅटऱ्या वेगळ्या?" ते म्हणाले, "वेगळ्या." तुम्ही मान हलवलीत. मला तेव्हा कळलं की माफी मागणं, देणं, काय असतं ते यातच उरकलं, आणि रुमालाचं काम माझ्यासारख्यांनाच पडतं.

आता पुढचं, जे तुम्हांला माहीत नाही.

तुम्ही उजवा अंगठा पुढे केलात. आवाज वाढला, ते पळालं, आणि चाकं सुटली. कॅप्टन ओरडले, "उठलं! उठलं!" सगळ्यांच्या माना वर. तुमचा भाऊ तोंड उघडं टाकून वर बघतोय, क्लबातले सगळे वर, मीही वर. माझ्या थेंबांचा डावा पंख उन्हात चमकत गेला, आणि मी हे दाखवायला बाबांकडे वळले. बाबांची मान खाली होती.

मला वाटलं, त्यांना चक्कर आली. तसं नव्हतं. ते तुमच्या उजव्या खांद्यामागे, अगदी जवळ उभे होते, आणि तुमच्या हातांकडे बघत होते. विमान वळून आलं, डोक्यावरून गेलं, सावली आमच्या अंगावरून सरकली, तरी त्यांनी वर पाहिलं नाही. तुमचे अंगठे हलले की त्यांचे अंगठे हलायचे. तुम्ही उंचावरून खाली आणलंत ना, मैदानावरून झपकन न्यायला, तेव्हा कॅप्टनसुद्धा गप्प झाले. सगळ्यांना आठवलं असणार. मी विमानाकडे बघत नव्हते, मी बाबांकडे बघत होते. तुमचा डावा अंगठा मागे आला. त्यांचाही आला, थरथरत, पण आला. वर गेलं की पडलं ते त्यांनी बघितलं नाही. तुमचा हात पाहिला आणि त्यांचे खांदे खाली आले, तेवढंच. विमान वर गेलंय हे मला लोकांच्या टाळ्यांवरून कळलं.

उतरवल्यावर तुम्ही मागे वळलात आणि म्हणालात, "सरळ जातं." बाबा म्हणाले, "हं." तुम्हांला वाटलं असेल, बघा, दोन शब्द कौतुकाचे निघाले नाहीत. तुमच्या चेहऱ्यावर दिसलं मला. म्हणून लिहितेय.

संध्याकाळी तुम्हांला बसवर सोडून आम्ही तिघं घरी आलो. मग बाबा विमानाची बॅटरी काढत बसले. मला म्हणाले, "वळताना नाक खाली जात होतं का?"

मी म्हटलं, "मला काय कळतंय? तुम्ही होतात की तिथे."

"होतो," म्हणाले. मग बॅटरीची वायर गुंडाळत राहिले. मी काही बोलले नाही. असं गप्प राहणं मला जमत नाही, पण राहिले.

"चाकं आत गेल्यावर कसं दिसतं?" त्यांनी विचारलं. "खऱ्यासारखं दिसतं का?"

दिसतं, वन्सं, अगदी खऱ्यासारखं दिसतं. मी सांगितलं त्यांना. पण माझ्या सांगण्याला काय अर्थ आहे? मला नाक कुठलं तेही आत्ता आत्ता कळायला लागलंय. पुन्हा लवकर या. बाबांनी ते विमान अजून उडताना पाहिलेलं नाही.

तुमची भावजय